मुंबईतील उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द निवडणुकीवाल्यांनी अलीकडे इतका बळकावला आहे की, त्याचा जुना अर्थ सांगू जाणारा मनुष्य थोडा विक्षिप्तच ठरावा. आमच्या आजोबांच्या पिढीत कचेरीत बिनपगारी, अथवा नावापुरत्या पगारावर, काम शिकण्यास बसणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत. त्याच वस्तूस आज महाविद्यालयांतून 'इंटर्नशिप' असे भारदस्त नाव प्राप्त झाले आहे. नाव बदलले, तरी वेतनाच्या बाबतीतील परंपरा पुष्कळशी अबाधित आहे. अशी एक उमेदवारी आम्हीही केली. २०१९ सालच्या मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, मुंबईच्या कोटात, म्हणजे ज्यास सारे जग फोर्ट म्हणते तेथे, एका वास्तुशिल्पकारांच्या कचेरीत आम्ही होतो. त्या दोन महिन्यांत काम काय शिकलो, असे कोणी विचारल्यास पुढे करावयास आमच्याजवळ एक प्रमाणपत्र आहे. त्या काळातील रविवारांचे प्रमाणपत्र मात्र कोणी दिले नाही. आणि आमची खरी उमेदवारी झाली ती रविवारीच, असे आता मागे वळून पाहता वाटते.

आमचे गाव कपिलधार. बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूस गेले म्हणजे बालाघाटच्या डोंगरात एक दरी लागते. तेथे मन्मथस्वामींची समाधी आहे, आणि पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी एक धार आहे. कार्तिकी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून वीरशैव लिंगायत भक्तांच्या पायी दिंड्या येतात. यात्रेत आमच्या घरचे नारळ-प्रसादाचे दुकान लागते. सबब प्रेक्षणीय स्थळ म्हणजे काय आणि ते पाहावयास येणारी माणसे कशी असतात, या दोन्ही गोष्टींचा आम्हांस लहानपणापासून परिचय. मात्र आमची स्वतःची जागा या दोहोंच्या मध्ये, नारळांच्या ढिगामागे! आपण कधी काळी कोणत्या गावी 'पाहावयास' जाऊ, असे आमच्या स्वप्नातही आले नव्हते.

ज्या वर्षी गेलो ते वर्ष आनंदाने प्रवासास निघावे असे नव्हते. आदल्या वर्षीचा पाऊस बुडाला होता. बीड जिल्ह्यात शेकडो चारा-छावण्या उघडल्या होत्या, आणि त्यांपैकी एकीत आमचे वडील दोन बैल व एक गाय घेऊन राहिले होते. घरी आई एकटी. टँकर केव्हा येतो याकडे तिचे कान लागलेले. निघण्यापूर्वी आम्ही छावणीवर गेलो. अण्णा पाचटाच्या सावलीत बसले होते. आमच्या जाण्याविषयी त्यांनी फार विचारपूस केली नाही. शेवटी एवढेच म्हणाले, "कामाचं काम कर. पन मुंबई नीट बघून ये. नुसती बघून उपेग न्हाई. मला सांगता आली पायजे."

हे वाक्य आम्ही त्या वेळी विशेष मनावर घेतले नाही. वडीलमाणसे निरोपाच्या वेळी काहीतरी बोलतात, त्यांतलेच हे एक, असे समजलो.

बीडहून मुंबईस आगगाडीने जाण्याची त्या वेळी सोय नव्हती. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी. तीच आगगाडी बीड शहरास पोहोचली २०२५ सालच्या सप्टेंबरात. एकशे बहात्तर वर्षांच्या या प्रवासास दिरंगाई म्हणावे की सावधगिरी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही रात्रभर बसमध्ये अवघडून सकाळी मुंबईस उतरलो, आणि कुर्ल्यास एका खोलीत, जेथे सहाजण 'कॉट बेसिस'वर राहत होते, तेथे सातवे झालो. त्या साली मुंबईतही पाणीकपात चालू होती, दहा टक्के. खोलीतील मंडळी त्या दहा टक्क्यांवर रोज सकाळी अतिशय कळवळून बोलत, आणि बोलता बोलता दात घासताना नळ तसाच वाहता ठेवीत. आम्ही मुकाट्याने जाऊन तो बंद करीत असू. चारच दिवसांत आमचे नाव 'नळाचा चौकीदार' असे पडले. यापेक्षा वाईट पदव्या जगात पुष्कळांस मिळतात, म्हणून ती आम्ही पत्करली.

कचेरीत आम्ही पाच उमेदवार होतो. जुन्या इमारतींच्या खिडक्या मोजणे, मापे लिहून घेणे, वरिष्ठांच्या आराखड्यांच्या प्रती काढणे आणि त्या चुकल्यास पुन्हा काढणे, हे आमचे काम. पहिल्याच दिवशी एकमेकांची आडनावे लक्षात राहीनात, तेव्हा कोणीतरी युक्ती काढली की, ज्याचे गाव तेच त्याचे आडनाव. तेव्हापासून एक नागपूरकर झाले, एक कोल्हापूरकर, एक पार्लेकर. आणि मंडळातील एकट्या स्त्री-सभासद गिरगावकर झाल्या. आमची पाळी आली तेव्हा आम्ही क्षणभर थांबलो. 'कपिलधार' म्हटले तर 'ते कुठे?' असा प्रश्न येणार; 'बीड' म्हटले तर त्या साली वर्तमानपत्रांतून रोज येणारी छावण्यांची आणि कोरड्या विहिरींची छायाचित्रे सर्वांच्या डोळ्यांपुढे उभी राहणार, आणि त्यांत आमचे वडील बसलेले असणार. आमचे महाविद्यालय औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, होते. आम्ही म्हणालो, "औरंगाबाद." हे सर्वस्वी खोटे नव्हते, म्हणूनच ते सांगणे इतके सोपे गेले. अशा रीतीने आम्ही औरंगाबादकर झालो, आणि ती थाप दिवसातून वीस वेळा हाक होऊन आमच्याकडे परत येऊ लागली.

रविवारी आम्हां पाचजणांचे मंडळ मुंबई पाहण्यास निघे. मंडळाने शहर पाहणे ही एक स्वतंत्र कला आहे. तीत स्थळापेक्षा सोबत महत्त्वाची, आणि सोबतीपेक्षा छायाचित्र महत्त्वाचे. गेटवे ऑफ इंडियासमोर आम्ही जितका वेळ उभे राहिलो, त्यातील बहुतेक वेळ आमची पाठ त्या वास्तूकडे होती. घारापुरीच्या लेण्यांत तासाभराचा जलप्रवास करून गेलो. त्रिमूर्तीपुढे नागपूरकर व पार्लेकर यांच्यात जेवण कोठे घ्यावे यावर जो वाद झाला, तो त्या तिन्ही मुखांनी शांतपणे ऐकून घेतला. आणि खर्चाचा हिशेब! बिल पाच भागांत वाटले जाई. ते योग्यच होते. परंतु आमच्या पाचव्या भागात छावणीवरच्या गाईचे दोन दिवस दिसू लागत. मग आम्ही पोट बिघडल्याचे सांगून इराण्याकडे केवळ चहा घेत असू. दोन महिन्यांत आमचे पोट इतके वेळा बिघडले की, शेवटी गिरगावकर घरून डब्यात दहीभात आणू लागल्या. त्यांनी खरे कारण ओळखले होते की काय, हे आम्ही कधी विचारले नाही. आणि दहीभात मात्र न चुकता खाल्ला.

काढलेली छायाचित्रे आम्ही रात्री धाकट्या भावाच्या फोनवर पाठवीत असू. तो ती घेऊन छावणीवर जाई. दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन येई, आणि येथूनच आमच्या उमेदवारीचा दुसरा, अधिक कठीण भाग सुरू झाला. कारण अण्णा प्रश्न विचारीत. 'छान आहे' हे उत्तर त्यांस पुरत नसे. गेटवेचे चित्र पाहून त्यांनी विचारले, "दार हाये, मग वाडा कुठं हाये?" आम्ही निरुत्तर. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत वाचून काढले की, इंग्रजांचे बादशहा १९११ साली येथे उतरले त्याचे स्मारक म्हणून हे बांधले, ते पुरे झाले १९२४ साली, आणि स्वातंत्र्यानंतर इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच दारातून परत गेली. अण्णा ऐकून म्हणाले, "म्हंजी बांधलं आल्यासाठी, आन कामाला आलं गेल्यासाठी." त्या कमानीवर याहून चांगले भाष्य आमच्या कचेरीतही कोणी केले नसेल.

कचेरीच्या वाटेवर टपालकचेरीजवळ मिंट रोडच्या नाक्यावर एक जुने दगडी कारंजे आहे. त्याच्या माथ्यावर एका मुलाची मूर्ती आहे. रतनसी मूळजी नावाच्या व्यापाऱ्याने पंधराव्या वर्षी वारलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ ते उभारले. बोरीबंदरचे स्थानक ज्यांनी आखले त्या स्टीव्हन्स यांनीच याचीही आखणी केली. तेथून पलीकडे विद्यापीठाचा राजाबाई मनोरा. तो १८७८ साली पुरा झाला, आणि त्यासाठी पैसा देणाऱ्या प्रेमचंद रायचंदांनी त्यास आपल्या आईचे नाव दिले. आम्ही या दोहोंची चित्रे पाठविली. अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकानं आईसाठी केलं, एकानं लेकरासाठी. पैशेवाल्याला बी दुसरं काय सुचंना." नंतर नेहमीचा प्रश्न आलाच: "कारंजं हाये, तर पानी कुठनं येतं मुंबईला?"

हा प्रश्न आम्ही मंडळात मांडला. चौघांनीही आमच्याकडे असे पाहिले की जणू नळास पाणी नळातूनच येते हे या मनुष्यास ठाऊक नाही. तेव्हा आमचे आम्हीच शोधून काढले. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा अशी सात धरणे व तलाव. त्यांपैकी तानसा १८९२ सालचे. शंभर किलोमीटरच्या अंतरावरून मोठमोठ्या नळांनी पाणी शहरात यावयाचे. आणि ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी निघते, तेथील कित्येक पाड्यांस उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. एवढे ऐकल्यावर छावणीतील दहाबारा माणसे एकदम बोलू लागल्याचा आवाज आमच्या कानी आला. फोन सर्वांना ऐकू जाईल असा ठेवलेला होता, हे आम्हांस तेव्हा प्रथम समजले. आम्ही एका मनुष्यास मुंबई सांगत नव्हतो, एका छावणीस सांगत होतो! मुंबईत चार महिने राहूनही जे आम्ही पाहिले नसते, ते बैलाच्या दावणीशी बसलेल्या माणसांनी आमच्याकडून पाहविले.

असे असता आम्ही त्यांच्याशी कसे वागलो, ते आता सांगितले पाहिजे.

जूनच्या अखेरच्या रविवारी, म्हणजे ३० तारखेस, आम्ही कान्हेरीची लेणी पाहण्यास गेलो. पाऊस उशिरा आला होता, पण आला तो जोरात. बोरिवलीच्या रानात त्या काळ्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. बाकीचे चौघे मोठ्या चैत्यात रमले. आम्ही मात्र, आता अण्णांचे डोळे लावूनच हिंडत असल्यामुळे, पाणी पाहू लागलो. खडकात पन्हळी खोदून पावसाचे पाणी खाली टाक्यांत उतरविले आहे. लेण्यालेण्याशी अशी टाकी. तेथील प्राचीन ब्राह्मी लेखांत अशा टाक्यास 'पोढी' म्हटले आहे, आणि कोणी उपासकाने पोढी दिली याची नोंद लेणे दिल्याच्या नोंदीइतक्याच आदराने खोदली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात राहणाऱ्या भिक्षूंनी आभाळातले पाणी वाया जाऊ दिले नव्हते! रात्री अण्णांस काय सांगावयाचे, याची आम्ही मनात जुळणी करीत होतो.

इतक्यात भिजत आलेले नागपूरकर शेजारी बसले, आणि त्यांनी आपल्या फोनवरील एक चित्र पुढे केले. हिरव्या दरीत कोसळणारी पांढरी धार. शेजारी देवळाचा कळस. "हे बघ, कपिलधार म्हणून आहे. बीड जिल्ह्यात इतकं हिरवं असतं? मला वाटलं, तिकडं दुष्काळ आणि ऊसतोड याखेरीज काही नाहीच. औरंगाबादकर, तुझ्या बाजूलाच ना हे?"

त्या चित्रात उजव्या कोपऱ्यात जी पायऱ्यांची कड दिसत होती, तिच्यावर आम्ही लहानपणी आपटून गुडघा फोडून घेतला होता. आम्ही ते चित्र नीट पाहिले, आणि म्हणालो, "असेल. मी कधी गेलो नाही."

नागपूरकरांस यात काहीच विशेष वाटले नाही. ते दुसरे चित्र दाखवू लागले. त्या रात्री अण्णांचा फोन आला तेव्हा आम्ही झोपल्याचे सोंग केले. मुंबईस आल्यापासून त्यांच्या फोनास उत्तर न देण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पाऊस थांबेना. संध्याकाळी लोकलगाड्या खोळंबल्या. कुर्ल्यास जाणे अशक्य दिसू लागल्यावर गिरगावकरांनी आम्हांस आपल्या घरी चलण्यास सांगितले, आणि गुडघाभर पाण्यातून आम्ही त्यांच्या चाळीत पोहोचलो. त्या रात्री सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. बीड जिल्ह्यात वर्षभरात सरासरीने जेवढा पडतो, त्याच्या निम्म्याहून हा अधिक. त्यांच्या आजी जाग्या होत्या. त्यांनी कोरडा पंचा दिला, पुढ्यात आमटी-भात वाढला आणि विचारले, "गाव कुठलं रे तुझं?"

"औरंगाबाद," गिरगावकर आमच्या वतीने म्हणाल्या.

"असं का. तिकडे झाला का पाऊस?"

प्रश्न अगदी साधा होता. त्यास काहीतरी साधे उत्तर देऊन जेवता आले असते. परंतु बाहेर ते पाणी कोसळत होते, ताटात गरम भात होता, आणि आमच्याने घास गिळवेना. आम्ही म्हणालो, "औरंगाबादचं माहीत नाही, आजी. आमच्याकडं नाही झाला. माझं गाव कपिलधार, बीड जिल्हा. वडील छावणीत आहेत, गुरं घेऊन."

गिरगावकरांनी आमच्याकडे पाहिले. पण त्या काही बोलल्या नाहीत. आजींना या प्रकरणात कोणाची कबुली झाली, याचा पत्ताच नव्हता. त्या म्हणाल्या, "मग त्यांना फोन केलास का? टीव्हीवर मुंबईचं पाणी बघून त्यांचा जीव घाबरला असेल. आधी फोन कर, मग जेव."

आम्ही फोन केला. पहिल्या घंटेलाच अण्णांनी उचलला. कालच्या फोनाविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. सुखरूप असल्याचे कळताच त्यांनी विचारले, "येवढं पानी जातं कुठं?"

"समुद्रात."

"समदं?"

"सगळंच."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जेवलास का?"

मंगळवारी शहरास सुट्टी होती. बुधवारी कचेरीत आम्ही आपल्या मेजाशी बसलो, तेव्हा पलीकडून गिरगावकरांची हाक आली, "कपिलधारकर, ती पट्टी दे जरा." बस्स, एवढेच. नागपूरकरांनी मान वर केली, आमच्याकडे पाहिले, आणि त्यांचे कान लाल झाले. दुपारी त्यांनी आमच्या चहाचे पैसे दिले, आणि आम्ही ते देऊ दिले. याहून अधिक बोलणे या विषयावर आजतागायत झालेले नाही.

उमेदवारी जुलैच्या मध्यास संपली. कपिलधारची धार त्या वर्षी पावसाळाभर रुसलीच होती. पण ऑक्टोबरात परतीचा पाऊस असा कोसळला की, काढून ठेवलेले सोयाबीन शेतातच भिजून कोंबले, आणि मग धार वाहू लागली. पीक गेल्यावर पाणी आले! तशात १२ नोव्हेंबरास कार्तिकी पौर्णिमा आली, आणि रात्रभर प्रवास करून मंडळातील तिघे आमच्या गावी उतरले. पार्लेकरांची परीक्षा होती.

अण्णांनी त्यांचे स्वागत मोठ्या सभ्यपणे केले. कोणास काय विचारावयाचे हे त्यांनी जणू ठरवूनच ठेवले होते. कोल्हापूरकरांना त्यांनी पंचगंगेच्या त्या वर्षीच्या महापुराविषयी विचारले, आणि गिरगावकरांना म्हणाले, "ताई, तुमच्या आजी कशा हायेत? त्यांनी आमच्या पोराला फोन करायला लावला व्हता." गिरगावकरांनी त्यांस मुंबईस येण्याचे आग्रहाचे निमंत्रण दिले. अण्णा संकोचून म्हणाले, "येईन की. पन निम्मी बघितल्यावानीच झालीया."

दिंड्या येत होत्या. दुकानावर गर्दी उसळली होती. आम्ही सवयीप्रमाणे नारळांच्या ढिगामागे जाऊन बसलो. तेव्हा गिरगावकर आल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. भाव सांग, मी बसते. तू जाऊन बघून ये धबधबा." आम्ही हसून म्हणालो की, आमचा तो पाहिलेलाच आहे. "केव्हा पाहिलास?" त्यांनी विचारले. आम्ही आठवू लागलो. पाण्याच्या कळशा घेऊन गेलो होतो, हरवलेल्या वासरामागे गेलो होतो, यात्रेकरूंना वाट दाखवीत गेलो होतो. पण नुसता पाहावयास म्हणून कधी गेलो, ते काही आठवेना.

नागपूरकर एव्हाना नारळ सोलण्याच्या खटपटीत होते आणि ते काम त्यांस मुळीच साधत नव्हते. आम्ही भाव सांगितला, गल्ल्याची किल्ली दिली, आणि उठलो. चार पावले गेल्यावर मागे चाहूल लागली म्हणून पाहिले, तो अण्णाही खांद्यावर उपरणे टाकून येत होते. "चल," ते म्हणाले, "मी बी येतो." आणि आम्ही दोघे यात्रेकरूंच्या रांगेत शिरून पायऱ्या उतरू लागलो.